धाकट्याचा चहा

माझा धाकटा भाऊ चहा करायला शिकला तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. शिकवणारा मी, ५८ वर्षांचा, नुकताच निवृत्त झालेला प्राथमिक शाळेतला मास्तर. आम्हा दोघांना मिळून या कामाला सात महिने लागले. मोहल्ल्यात ही गोष्ट पसरली तेव्हा दोन प्रकारची माणसे मला भेटली. पहिली म्हणाली, "सात महिने? एका कपासाठी?" दुसरी म्हणाली, "मास्तर, त्या बिचाऱ्याला कशाला विस्तवापुढे उभा करता? घरात बायामाणसे नाहीत का?" दुसऱ्या प्रकारची माणसे संख्येने जास्त होती आणि ती सगळी भली होती. या भल्या माणसांशी माझा एक वाद आहे. तो घालता घालता माझेही बरेच काही उघडे पडले. दोन्हींबद्दल लिहायचे आहे.

धाकट्यासारख्यांना पूर्वी मतिमंद म्हणत, मग विशेष म्हणू लागले, आता सरकारी कागदावर बौद्धिक दिव्यांग म्हणतात. आमच्या घरात यांतला कोणताच शब्द कधी आला नाही. अम्मी त्याला भोळा म्हणायची आणि शेजारच्या बायका 'अल्लामियाँ की गाय'. २०११ च्या जनगणनेला गुरुजी दारात आले तेव्हा अम्मीने अपंगत्वाच्या रकान्यात काही लिहूच दिले नाही. भोळ्या माणसाला अपंग कशाला म्हणायचे, हा तिचा सवाल. त्या जनगणनेत देशभरात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, त्यांतले सुमारे १५ लाख मतिमंद या सदरात. त्या १५ लाखांत धाकटा नाही. गंमत अशी की त्याच वेळी मी स्वतः शेजारच्या गावात जनगणनेच्या ड्यूटीवर होतो आणि लोकांना 'काही लपवू नका' म्हणून बजावत होतो.

अम्मीने चाळीस वर्षे त्याचे सगळे केले. आंघोळ, शर्टाची बटणे, भाकरीचे तुकडे, मच्छीचे काटे. त्याच्यावर रोजा फर्ज नाही हे तिला माहीत होते, पण सगळे घर सहेरीला उठते तर तो एकटा झोपून का राहील, म्हणून रमजानभर ती त्यालाही उठवायची आणि शेवया भरवायची. कोणी पाहुणा आला की म्हणायची, "मेरे जीते जी उसकू कुच करना नै पडना." ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे. माझेही यायचे. त्यातल्या 'जीते जी'कडे मात्र कोणी पाहत नव्हते.

ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांना 'आमच्यानंतर काय' हा प्रश्न समजावून सांगायला नको. विशेष मुलांच्या शाळा आपल्याकडे जुन्या आहेत. मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासून आहे, पुण्याची कामायनी १९६४ पासून. पण शाळा म्हटली की ती लहानपणापुरती. पुढच्या कर्मशाळा मोजक्या, त्याही बहुधा शहरांतून. आमच्या कराडसारख्या तालुक्याच्या गावी अठरा ओलांडलेला असा मुलगा ओट्यावर येऊन बसतो आणि तिथेच त्याचे केस पिकतात. आमचा धाकटा तर कुठल्याच शाळेत गेला नाही. थोरला भाऊ मास्तर असून.

२०१६ च्या पावसाळ्यात अम्मी मोरीत घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी धाकट्याला आंघोळ घालायची पाळी माझ्यावर आली. मी त्याचे कपडे काढायला गेलो तर त्याने टॉवेल कमरेशी घट्ट धरला आणि भिंतीकडे तोंड केले. काही केल्या सोडेना. मला वाटले, अम्मी हवी म्हणून हट्ट चालला आहे. बाहेरून माझी पत्नी म्हणाली, "त्याला शरम वाटत असेल हो."

४१ वर्षांच्या पुरुषाला शरम वाटत असेल, हे आम्हाला सुचले नव्हते. हया हा आपल्याकडे ईमानचा भाग मानतात. कुठून कुठवर अंग झाकायचे हे आपण सहा-सात वर्षांच्या पोराला शिकवतो. याला कोणी शिकवले नव्हते, तरी ती त्याच्यापाशी होती आणि आम्ही रोज सकाळी मोरीत ती मोठ्या मायेने बाजूला काढून ठेवत होतो. त्या दिवशी मी बादली, तांब्या, साबण आत ठेवला, दार लोटून घेतले आणि बाहेर पाटावर बसून एकेक गोष्ट सांगत राहिलो. साबणाचा फेस मानेवर तसाच ठेवून तो बाहेर आला. चालले.

मग चहा. चहाच का, तर तो स्वतः दिवसातून चार वेळा चहा घ्यायचा आणि प्रत्येक वेळी रिकामा कप घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहायचा. कधी पाच मिनिटे, कधी अर्धा तास. अशा माणसांना शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या पुण्याच्या एका बाईंशी माझी फोनवर ओळख झाली होती. त्या म्हणाल्या, "त्याला जे हवे आहे तिथून सुरुवात करा, आणि आधी कामाची फोड करा."

मी कागद घेऊन चहाच्या पायऱ्या लिहिल्या. सहा झाल्या. मग बाईंनी सांगितल्याप्रमाणे स्वतः चहा करत करत हाताची प्रत्येक हालचाल लिहिली. एकतीस झाल्या. 'गॅस पेटवणे' ही माझ्या कागदावर एक पायरी होती. प्रत्यक्षात लायटर उजव्या हातात धरायचा, त्याचे तोंड बर्नरपाशी न्यायचे, डाव्या हाताने कळ आत दाबायची, दाबलेली ठेवूनच फिरवायची आणि त्याच क्षणी उजव्या अंगठ्याने लायटर वाजवायचा. दोन हात, दोन कामे, एकच क्षण. छत्तीस वर्षे मी मुलांना शिकवले, पण कुठल्या गोष्टीत किती पायऱ्या आहेत हे मोजायची वेळ माझ्यावर आली नव्हती. जी मुले शिकली ती मधल्या पायऱ्यांवरून आपल्या बळावर उड्या मारत होती. ज्यांना उडी जमत नव्हती त्यांना मी 'ढ' म्हणत होतो. ते सगळे 'ढ' आता पन्नाशीकडे आले आहेत आणि रस्त्यात भेटले की अदबीने सलाम करतात.

बाईंनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला आधी उलटीच वाटली. शेवटची पायरी आधी शिकवा, त्या म्हणाल्या. म्हणजे तीस पायऱ्या मी करायच्या आणि किटलीतून कपात ओतणे ही एकतिसावी त्याची. ती जमली की तिसावीही त्याची, मग एकोणतिसावी. असे केल्याने रोज काम त्याच्या हातून पुरे होते आणि हातात चहा येतो. पुढून शिकवले असते तर रोज पाणी मोजून तो थांबला असता आणि चहा पुन्हा दुसऱ्यानेच दिला असता.

सगळ्यांत अवघड होते ते थांबणे. आधी त्याचा हात धरून करायचे, मग मनगटाला नुसता स्पर्श, मग बोट दाखवणे, मग काहीच नाही. साखरेच्या डब्यापाशी तो अडखळला की माझा हात आपोआप पुढे जायचा. शेवटी मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसू लागलो आणि मनात दहापर्यंत मोजू लागलो. कित्येकदा आठाला किंवा नवाला तो आपला आपण पुढे सरकायचा. चाळीस वर्षांत आम्ही त्याच्यासाठी तीनपर्यंतसुद्धा थांबलो नव्हतो.

पुढे वाचनात आले की मार्क गोल्ड नावाच्या अमेरिकन शिक्षकाने हे काम फार नेटाने केले होते. ज्यांच्याकडून कोणी काही अपेक्षा ठेवत नव्हते अशा प्रौढांना त्याने सायकलचा १५ सुट्या भागांचा ब्रेक जोडायला शिकवले. १९७० च्या दशकात त्याचे काम गाजले. त्याचे म्हणणे असे की शिकणाऱ्याला आले नाही तर दुसरी रीत शोधण्याची जबाबदारी शिकवणाऱ्याची. मास्तर म्हणून हे वाचणे फारसे सुखाचे नव्हते.

पाचव्या महिन्यात धाकट्याचा हात भाजला. पक्कड न घेता त्याने पातेले उचलले आणि अंगठ्याच्या बुडाशी दोन फोड आले. पलंगावरून अम्मी ओरडली, "तू मास्तर है के कसाई?" नंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी स्वतः भाजतो तेव्हा तो धोका मी पत्करलेला असतो. धाकट्याने पत्करला होता का? त्याला तो कळला होता असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणजे निर्णय माझा आणि फोड त्याच्या हातावर. भल्या माणसांचा आक्षेप या जागी खरा आहे. तो सहज उडवून लावणाऱ्याने कोणाचा भाजलेला हात कधी थंड पाण्यात धरून ठेवलेला नसावा.

रॉबर्ट पर्स्के या अमेरिकन लेखकाने १९७२ मध्ये धोक्यातल्या प्रतिष्ठेवर लिहिले. अपंगांच्या आयुष्यातून आपण काळजीपोटी सगळे धोके काढून घेतो आणि त्यांच्याबरोबर त्यांचे माणूसपणही निघून जाते, असा त्याच्या विचाराचा रोख. अपंगांबरोबर काम करणारी मंडळी आजही त्याचे नाव घेतात. पण हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. फिकहमध्ये 'हज्र' म्हणजे माणसाच्या व्यवहारांवर घातलेली बंदी. जो पैसा उडवतो, ज्याला आपले हित कळत नाही, अशा प्रौढ 'सफीह' माणसावर काजीने बंदी घालावी काय? इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहंमद म्हणतात, घालावी, त्याच्याच भल्यासाठी. त्यांचे उस्ताद इमाम अबू हनीफा म्हणतात, घालू नये. त्याचा माल फार तर पंचविसाव्या वर्षापर्यंत रोखा, मग ज्याचा त्याला द्या. 'हिदाया' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात त्यांच्या बाजूने जी दलील येते तिचा आशय असा: माणसाचा अधिकार काढून घेणे म्हणजे त्याला माणसांतून काढून जनावरांत जमा करणे, आणि हे नुकसान पैसा बुडण्यापेक्षा मोठे आहे. पुढच्या हनफी उलेमांनी फतवा मात्र शिष्यांच्या मतावर दिला. भली माणसे तेव्हाही संख्येने जास्तच होती.

हा आधार मला ओढून-ताणून आणता येणार नाही, याची मला जाणीव आहे. अबू हनीफांचे मत उधळ्या माणसाबद्दल आहे. फकीहांच्या हिशेबात धाकटा 'मअतूह', कमी समजेचा, ज्याला जाण येऊ लागलेल्या लहान मुलासारखे धरतात. ठीक आहे, मूल तर मूल. पण मुलाबद्दल तरी काय सांगितले आहे? सूरह निसाची पाचवी आयत सांगते की नासमजांच्या हाती मालमत्ता देऊ नका, तिच्यातून त्यांना खाऊ-पिऊ घाला, कपडे द्या, त्यांच्याशी चांगले बोला. सहावी आयत सांगते की अनाथ मुलांना आजमावत राहा आणि जाण दिसली की त्यांचा माल त्यांच्या हवाली करा. आमच्या घराने पाचवी आयत चाळीस वर्षे इमानाने पाळली. सहावीपर्यंत आम्ही आलोच नाही. आजमावायचे कसे, हेही फकीहांनी सांगून ठेवले आहे: थोडी रक्कम हाती द्या, बाजारात भाव करू द्या. म्हणजे चुकू द्या. चुकायला जागाच ठेवली नाही तर ते आजमावणे कसले?

म्हणून मी धाकट्याला चहापत्ती आणायला पाठवले. वीस रुपयांचा पुडा, खिशात दहाच्या दोन नोटा, दुकान चार घरे पलीकडे. तो पुडा घेऊन आला. दोन्ही नोटा तशाच, वर एक चॉकलेट. दुसऱ्या खेपेलाही तेच. मी दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "मास्तर, त्याच्याकडून काय पैसे घ्यायचे? तेवढाच सवाब."

मी त्याला विनवले की तू नोटा घे. एक कमी असली तर पुडा देऊ नकोस, परत पाठव. तो दुखावला. म्हणाला, "पैसे घेईन एक वेळ, पण त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे माझ्याने होणार नाही." यात त्याचे काही चुकत होते असे मी म्हणू शकत नाही. तो देत होता आणि मी अडवत होतो. पण त्याच्या देण्यात धाकटा गिऱ्हाईक होऊ शकत नव्हता. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात लोक त्याच्या खिशात फितऱ्याच्या नोटा कोंबतात, तोच प्रकार. आमच्या घरी थोडी जमीन आहे, माझी पेन्शन आहे. फितरा कोणाला द्यायचा याचे नियम सगळ्यांना पाठ असतात. तरी नोटा त्याच्या खिशात जातात, कारण तो ओट्यावर सापडतो आणि घेताना मान खाली घालत नाही. मोहल्ल्यातल्या गरजू विधवेच्या दारात जायचे तर पाच मिनिटे चालावे लागते.

दुकानदाराला तयार व्हायला तीन आठवडे लागले. मग एके दिवशी मी मुद्दाम एकच नोट दिली आणि त्याने धाकट्याला परत पाठवले. मी खिडकीतून पाहत होतो. दुकानदार फळीआड तोंड लपवून उभा होता. धाकटा रडला नाही. घरी आला, माझ्यापुढे हात पसरला आणि एक बोट वर केले. मी दुसरी नोट दिली. पुडा घेऊन आला तेव्हा त्याने तो सरळ अम्मीच्या उशाशी नेऊन ठेवला. अम्मी काही बोलली नाही, पण त्या संध्याकाळचा चहा तिने त्याच्या हातचा घेतला. साखर फार होती.

२०१९ मध्ये अम्मी गेली. अठरा वर्षे पुरी झाली की आईबापही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बहुतेक घरांना बँकेच्या खिडकीवर पहिल्यांदा कळते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, ती पालक नेमते. मी अर्ज केला आणि कागद माझ्या नावाचा झाला. २०१६ चा कायदा पालकत्वाची कल्पना आणखी आवळतो. मर्यादित पालकत्व, म्हणजे निर्णय पालकाने आणि त्या व्यक्तीने मिळून घ्यायचे. कागदावर हे छान दिसते.

तो कागद घेऊन साताऱ्याहून एसटीने परतताना मी स्वतःला विचारले, मी याला कोणाच्या मोकळेपणासाठी शिकवले? उत्तर फार लांब नव्हते. अम्मी पडली त्या रात्री माझ्या मनात पहिला विचार आला होता तो तिच्या हाडाचा नव्हता. आता हा माझ्या गळ्यात, असा तो विचार होता. चार गोष्टी शिकला तर ओझे हलके होईल, इतकाच हिशेब. अमलाची किंमत नियतीवर ठरते असे आपण मानतो. मग माझे काय? अम्मीची नियत माझ्याहून कितीतरी साफ होती, आणि त्या साफ नियतीत धाकटा चाळीस वर्षे कप घेऊन उंबऱ्यावर बसला. माझ्या मळक्या नियतीतून तो ओट्यापुढे उभा राहिला. हे गणित मला अजून सुटलेले नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. चहा जमू लागल्यावर मी येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे त्याला चहा करायला लावू लागलो. लोक शाबासकी द्यायचे, त्याला कमी आणि मला जास्त. स्वावलंबी हा शब्द मला आवडू लागला होता. त्याच भरात मी ओळखीतल्या एका घरी गेलो. त्यांची वयात आलेली मुलगी अंथरुणावर आहे, मानही सावरत नाही. तिच्या आईला मी पायऱ्यांचे सगळे शास्त्र सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "भाई, ही मला पाहिले की हसते. हिला तेवढेच येते. ते कमी आहे का?" मी चहा न घेताच उठलो. एकतिसांपैकी एकही पायरी जिच्या वाट्याला येणार नाही तिच्यापुढे माझे सगळे बोलणे एखाद्या परीक्षेसारखे झाले होते, आणि त्या परीक्षेत तिला आधीच नापास करून मी बोलत होतो.

काही महिन्यांनी तीच बाई भेटली. म्हणाली, तुमचे ते दहा आकडे मात्र मी घेतले. आता ती सकाळी मुलीपुढे दोन कुर्ते धरते आणि थांबते. मुलीची नजर ज्याच्यावर ठरेल तो घालते. कधी कधी दहा पुरत नाहीत, वीस लागतात.

गेल्या वर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे आले होते. मी ओट्यावर बसलेल्या धाकट्याला हाक मारली, "चाय रख रे." तो समोरच्या बकरीकडे पाहत होता. म्हणाला, "नको." पाहुणे हसले. मी पुन्हा सांगितले, जरा चढ्या आवाजात. "नको." मला राग आला, खोटे कशाला बोलू. इतक्या लोकांपुढे. हा शब्द त्याने मला कधी वापरला नव्हता आणि माझ्या एकतीस पायऱ्यांतही तो कुठे नव्हता. पत्नी आतून काही म्हणाली नाही, फक्त भांडे वाजले. मी उठलो आणि चहा केला. त्याने त्यातला एक कप घेतला.

आता तो पन्नाशीचा आहे आणि मी सदुसष्ट ओलांडली आहे. आंघोळ, कपडे, चहा, दुकान, जुम्म्याला मशिदीत जाणे आणि चप्पल ओळखून परत येणे एवढे त्याला येते. दाढी येत नाही. पैशांत दहाच्या नोटा ओळखतो, पण शंभराच्या नोटेपुढे अजून गोंधळतो. गॅसची कळ फिरवून बंद करणे आठवड्यातून एखाद्या वेळी राहून जाते. म्हणून मी आणि पत्नी दोघेही बाहेर जाणार असलो की निघण्यापूर्वी मी खाली वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करतो. तो त्याला उघडता येत नाही, कारण ती पायरी मी त्याला शिकवलेली नाही. परवा मी वाकलो असताना तो मागे येऊन उभा राहिला, रेग्युलेटरकडे बोट दाखवले आणि विचारले, "ये कब?"

मी म्हणालो, "बाद में."